वरचं दोन बोटं पाणी

४ तारीख, मंगळवार

ऑफिसच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. वेळ, पाण्याची उंची, बाटलीचा नंबर, सही. बाकी डोक्यात येतं ते कुठे ठेवायचं? म्हणून ही वही. सूनबाईच्या टेबलावर कोरी पडली होती, उचलली. शाळा पाचवीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणारं कोणी नाही, तेव्हा चालेल.

आजपासून पुलावरचं काम माझ्याकडे. एकोणीस वर्षं हे करत होते. यंदा गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत म्हणून सांगितलं, आणि पुलावर जायला छत्तीस पायऱ्या. साहेब म्हणाले, बाहेरचा माणूस शोधेपर्यंत पूर येऊन जाईल, घरातलं कोणी करेल का? मी म्हटलं, मी करते. हे हसले. मग तर नक्कीच करते.

काम असं. लोखंडाचा एक मासा आहे, शेपटीसकट. त्याच्या पोटात काचेची बाटली, तोंडाला नळी. चाकाचं हँडल फिरवून तो नदीत सोडायचा, पार तळापर्यंत, आणि तसाच वर घ्यायचा. जाताना येताना चाल एकच. नदी वर पातळ असते, खाली दाट, म्हणून वरपासून खालपर्यंतचं थोडं थोडं बाटलीत आलं पाहिजे. रोज तीन बाटल्या, अलीकडची, मधली, पलीकडची. त्या प्रयोगशाळेत जातात. तिथे पाणी गाळायचं, राहिलेला गाळ वाळवायचा, वजन करायचं. आणि हे करणार कोण, तर आमची सूनबाई. सासूने नदी भरून द्यायची, सुनेने तिचं वजन करायचं.

निघताना ह्यांनी दाराशी थांबवलं. "चाल एकसारखी ठेव. तळाला मासा आपटू नकोस. आणि हे बघ, बाटलीवर रेघ आहे. पाणी रेघेच्या वर गेलं तर ती बाटली फेकायची, परत घ्यायची."

मी म्हटलं, "सव्वीस वर्षं दूध मोजलंय मी. मला माप शिकवू नका."

मधली बाटली रेघेच्या वर भरून आली. मासा परत सोडायचा म्हणजे पुन्हा सगळी कसरत. बाटली कठड्यावर ठेवली, दोर नीट गुंडाळला, तोवर वरचं पाणी निवळलं होतं. वरचं दोन बोटं ओतून दिलं. बरोबर रेघेला. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. सांगा आता कोणाला माप शिकवायचं ते.

५ तारीख, बुधवार

सूनबाईने आज पुलाच्या खांबाला लावलेलं मशीन दाखवलं. एवढीशी नळकांडी आहे. पाण्यात उजेड टाकते आणि गढूळपणा बघते. दर पंधरा मिनिटांनी, दिवसरात्र. मी त्याला डोळा म्हणते. ती म्हणते सेन्सर.

"मग माझ्या बाटल्या कशाला?" मी विचारलं.

"त्याला फक्त गढूळ दिसतं, आई. गढूळ म्हणजे किती ग्रॅम, हे त्याला तुमच्या बाटलीने शिकवायचं."

म्हणजे मी मास्तरीण. बरं वाटलं. तिला सांगितलं नाही.

हा डोळा तिने भांडून मागवलाय. महिनाभर बघायला दिलाय. नाही जमलं तर काढून दुसऱ्या नदीवर नेणार, आणि तिची नोकरी त्याच्याबरोबरची. डोळा गेला की ती गेली. आमचा मुलगा बोटीवर, वर्षातून चार महिने घरी. मग ही मोठ्या शहरात एखादी प्रयोगशाळा बघेल. जाईल तर जाईल. शिकलेल्या पोरीने दोन म्हाताऱ्यांच्या घरात का अडकावं?

तिच्या खोलीचं दार कुरकुरतं. ह्यांना म्हटलं तेल घाला. नंतर म्हटलं राहू द्या, ती आल्याचं कळतं.

७ तारीख, शुक्रवार

पाणी चढलं. मासा ओढ खातो, खांदा भरून आला. दोन बाटल्या काठोकाठ. दोन्ही रेघेला आणल्या. पंचवीस मिनिटांत काम फत्ते. ह्यांना तास लागायचा. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पंचवीस मिनिटांत? पुरात?" मी म्हटलं, "हात चालतात माझे." ह्यांनी पेपर वर धरला. हरलेला माणूस पेपर वर धरतो.

११ तारीख, मंगळवार

सकाळी सूनबाई चहा पिता पिता म्हणाली, "आई, बाटली रेघेच्या वर गेली तर तुम्ही…"

"अगं, मला माहितीय. रेघेच्या वर एक थेंब पाठवत नाही मी. बघितलंस ना?"

"हो. सगळ्या अगदी रेघेला आहेत."

"मग?"

"काही नाही. फारच रेघेला आहेत."

आता हे कौतुक की काय? हल्लीच्या पोरी अर्धं बोलतात आणि बाकीचं चहाबरोबर गिळतात.

१४ तारीख, शुक्रवार

ऑफिसात भानगड झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर सूनबाईला विचारलं, हे काय? पाणी कमी असलं की डोळा आणि बाटली एकच सांगतात. पाणी चढलं की बाटली दीडपट गाळ सांगते. साहेबांचं म्हणणं, पुरात डोळा आंधळा होतो, काढून टाका. सव्वीस तारखेला वरचे मोठे अधिकारी येणार, तोवर जमलं तर ठीक.

हे मला तिने सांगितलं नाही. ऑफिसचा शिपाई दूध आणताना भेटला, त्याने सांगितलं. माझी सून आणि बातमी शिपायाकडून.

घरी आली तेव्हा मी म्हटलं, "डोळा बदलून घे. नवं मशीन, पहिल्याच पुरात पाणी जाऊन खराब झालं असेल."

"मशीन ठीक आहे, आई. दोनदा तपासलं."

"मग बाटलीत खोट आहे म्हणतेस?"

तिने ताटं काढली. मग म्हणाली, "जेवायला वाढू का?"

१८ तारीख, मंगळवार

आज सूनबाई पुलावर आली. मी बोलावली नव्हती. म्हणाली सहज आले. वारा होता, तिने माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजली. मासा खाली सोडला, वर घेतला. मधली बाटली भरून आली. कठड्यावर ठेवली, दोर गुंडाळला, वरचं ओतलं, बूच लावलं.

ती म्हणाली, "आई, मासा परत सोडायला जड जातो का?"

"जड कसला? पण चांगली भरलेली बाटली फेकायची कशाला? ह्यांना नासाडीची सवय आहे, मला नाही."

"बरं," म्हणाली. बाटली हातात घेऊन उजेडात धरली. बराच वेळ. मी म्हटलं, त्यात काय मासोळी आहे का? तर हसली. पण ते हसणं नुसतं दातांचं होतं.

खाली उतरताना तिने माझा हात धरला. मला काय झालंय? पण सोडवून घेतला नाही.

१९ तारीख, बुधवार

कमाल झाली. सूनबाईने साहेबांना लिहून दिलं की वजन करण्यात तिची चूक असू शकेल. काटा नीट लावला नसेल म्हणे. साहेब म्हणाले, मग चौदा तारखेपासून काय झोपा काढत होतात?

मी इतकी चिडले की भाजी करपली. ही पोर रुमालाची घडीसुद्धा दोनदा तपासते, आणि म्हणे वजनात चूक. आणि चूक असली तरी आपणहून कशाला कबूल करायची? भित्री आहे. साहेबांनी डोळे वटारले की हिची वाचा बसते.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही जाऊन साहेबांना सांगा, आमची सून चुकत नाही."

हे म्हणाले, "ती चुकत नाही हे मला माहितीय."

"मग सांगा की."

"तू विचार कर जरा," एवढंच बोलून पेपर वर धरला. मी काय विचार करू? गुडघा दुखला की माणूस कोड्यात बोलतो.

उद्या मीच जाते. तिचं वजन करणं डोळ्याने बघते आणि मग साहेबांना ऐकवते.

२० तारीख, गुरुवार

गेले. जायला नको होतं. नाही, जायलाच हवं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे आमच्या दोन खोल्यांएवढी. ती मला बघून दचकली, मग स्टूल पुसून दिलं. मी म्हटलं, तू काम कर, मी नुसती बसते.

चिमट्याने गाळणीचा कागद उचलते. बोट लावत नाही. काट्याला काचेची पेटी, तिचं दार लावते, आकडा थांबेपर्यंत श्वाससुद्धा धरते. एवढी काळजी मी बाळंतिणीची घेतली नाही. मनात म्हटलं, आता साहेबांना दाखवतेच.

मग तिने माझी कालची बाटली उचलली. रात्रभर उभी राहून वर पाणी स्वच्छ, तळाला बोटभर रेती आणि चिखल. ती बाटली तिने हलवली, हलवली, हलवली. भांड्यात ओतली. मग आत थोडं पाणी घालून खळबळून परत ओतलं. परत. परत.

"किती धुशील?" मी म्हटलं.

"तळाची चिमूटभर राहिली तर सगळा हिशोब चुकतो, आई. वजन सगळं तळालाच असतं."

ती बोलून गेली आणि घाईने चिमटा शोधू लागली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी बाटलीकडे बघत होते.

सव्वीस वर्षं मी दुधाच्या केंद्रावर उभी होते. मोठ्या कॅनमध्ये डाव घालण्याआधी ढवळायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाला, कारण साय वर येते. न ढवळता वरचं दिलं तर पहिल्याला साय आणि शेवटच्याला पाणी. एकदाही चुकले नाही. आणि नदीचं काय केलं? नदीत जड ते खाली बसतं. मी बाटली कठड्यावर ठेवायची, रेती खाली बसू द्यायची, आणि वरचं नुसतं पाणी ओतून द्यायची. गाळ सगळा ठेवायचा, पाणी कमी करायचं. मग दीडपट नाही होणार तर काय? आणि बाटली भरते कधी? पाणी जोरात असतं तेव्हा. पुरात.

डोळा बरोबर होता. माझं माप खोटं होतं. माझं.

"येते गं," म्हटलं आणि निघाले. ती म्हणाली, "आई, चहा?" मी ऐकलं नाही असं केलं.

रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनी नुसता पेपर खाली ठेवला. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं.

२१ तारीख, शुक्रवार

खरं लिहायचं तर आज दिवसभर असं वाटलं की गप्प बसावं. कोणाला कळणार? आजपासून नीट बाटल्या द्याव्यात, आपोआप जमेल. पण सव्वीसला पाच दिवस, जुन्या एक्कावन्न बाटल्या माझ्या, आणि दोष तिच्या नावावर. आणि गल्लीतल्या बायका अजून म्हणतात, माप घ्यावं तर तुमच्या हातचं.

आज बाटली भरून आली ती फेकली. दुसरी पण भरली. तीपण फेकली. तिसरी रेघेच्या खाली आली. चाल थोडी जलद पाहिजे, मी फार सावकाश फिरवत होते. ह्यांना तास का लागायचा ते कळलं.

२२ तारीख, शनिवार

सकाळी कोणाला न सांगता साहेबांच्या खोलीत गेले. अर्धा दिवस असतो, फायली बांधत होते.

"या काकू. गुडघा कसा आहे त्यांचा?"

"गुडघा मरू दे. डोळा बरोबर आहे. सून बरोबर आहे. बाटल्या मी बिघडवल्या." उभ्या उभ्या सांगून टाकलं. बसले असते तर जमलं नसतं.

साहेबांनी चष्मा काढला. "वरचं ओतलं? सगळ्या बाटल्यांचं?"

"भरलेल्या सगळ्यांचं. कुठल्या ते लिहिलेलं नाही."

"मग सगळ्याच बाद."

"सगळ्याच."

त्यांनी ऑफिसची वही पुढे सरकवली. तिथे खोडायचं नसतं. आडवी एक रेघ मारायची, कारण लिहायचं, सही करायची. सूनबाईने माझ्या ओळींसमोर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, 'वजनाच्या काट्यात दोष संभवतो'. ते खोडरबराने पुसलं, पेन्सिलला चालतं. मग एक्कावन्न ओळींवर रेघा मारल्या आणि प्रत्येकीसमोर लिहिलं, 'वरचं पाणी ओतलेलं असेल'. सव्विसाव्या ओळीला हात दुखायला लागला. साहेब म्हणाले, खाली तसंच अशी खूण करा. मी म्हटलं, नको, एक्कावन्न बाटल्या घालवल्यात तर एक्कावन्न वेळा लिहिते.

ते म्हणाले, "सव्वीसच्या आत पुरातल्या सहा तरी चांगल्या बाटल्या पाहिजेत. नाहीतर मी काही करू शकत नाही, काकू. आणि पाणी उतरतंय."

घरी आले तर सूनबाई दारात. तिला शिपायाकडून कळलं होतं. आता ती शिपायाकडून ऐकते.

"मला न विचारता गेलात?"

"तू मला विचारून खोटं लिहिलंस का? काट्यात दोष म्हणे."

"काट्याला वाईट वाटत नाही, आई."

मी चपला काढल्या. म्हटलं, "मूर्ख आहेस." मग दोघींनी मिळून कांदे चिरले. कांद्याचा फायदा असतो.

२३ तारीख, रविवार

पहाटे वर डोंगरात जोरात पाऊस झाला असणार. खांबावरची पट्टी चार हात बुडाली. एरवी मी पुराला शिव्या घालते. आज म्हटलं, ये बाई ये.

हे छत्तीस पायऱ्या चढले. डॉक्टरांचं नाव काढू दिलं नाही. एक पायरी, थांबायचं, एक पायरी. सूनबाई खाली, मी वर, मधे हे, जसं काही कपाट चढवतोय. वर खुर्ची टाकून बसवलं. हे तोंडाने चाल मोजत होते, "एक… दोन… एक… दोन…", मी हँडल फिरवत होते, सूनबाई बाटल्यांवर नंबर टाकत होती. ओंडके वाहत येत होते, त्यांना चुकवून मासा सोडायचा.

पहिली भरली. फेकली. दुसरी भरली. हे म्हणाले, "पाणी धावतंय, तूही धाव." चाल वाढवली. तिसरी जमली. मग सूर लागला. तीन तासांत चौदा वेळा मासा सोडला, आठ चांगल्या, सहा फेकल्या. सहाव्यांदा फेकताना हे म्हणाले, "केवढी नासाडी." मी बघितलं तर तोंड सरळ ठेवून बसले होते. माझ्या हाताला फोड आलेत, नाहीतर छत्रीच घातली असती पाठीत.

उतरताना ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांत पुलावर पहिल्यांदाच एकत्र आलो, आणि कामासाठी.

२५ तारीख, मंगळवार

सूनबाई उशिरा आली. दार कुरकुरलं, मी बाहेर आले. तिने कागद पुढे केला. ठिपके होते, आणि त्यांतून गेलेली एक तिरपी रेघ.

"मला काय कळणार यातलं?"

"हे आठ ठिपके तुमचे. रेघ मशीनची."

ठिपके रेघेवर बसले होते. एक जरा बाजूला होता. मी विचारलं, हा कोणाचा? म्हणाली, ओंडका आला होता ना, त्या वेळचा. मी म्हटलं, तो पण लिही. कारणासकट.

२६ तारीख, बुधवार

डोळा राहिला. ही राहिली. वर्षभराचं पत्र मिळालं, आणि पुढच्या वर्षाचं तोंडी. मोठे अधिकारी म्हणाले, आठ बाटल्या थोड्या आहेत, पण स्वच्छ आहेत, आणखी घेत राहा.

मी म्हटलं, बरं झालं. आणि आंघोळीला गेले. बराच वेळ पाणी सोडून बसले. नासाडी झाली थोडी.

३० तारीख, रविवार

आता नवीनच. वर आणखी चार पुलांवर डोळे बसणार, तिथे बाटल्या घ्यायला बारा माणसं नेमलीत. सूनबाईने त्यांना शिकवायचं. काल कागद लिहीत बसली होती. मी मागून वाचलं. 'एका ठिकाणी एका व्यक्तीकडून असं घडलं की…'

मी म्हटलं, "कोण ही व्यक्ती?"

"आई, नाव कशाला?"

"नाव नको. पण व्यक्ती म्हणजे कोणीही. माझी सासू असं सांग. सासू म्हटलं की लोक ऐकतात. आणि दूधवाली होती, मापाला पक्की होती, हेही सांग, नाहीतर त्यांना वाटेल येडपट बाई होती म्हणून चुकली. पक्की असूनच चुकते माणूस यात."

ती पेन तोंडात धरून बसली. मग म्हणाली, "तुम्हीच या ना सांगायला."

"मी? पाचवी शिकलेली?"

"बारा जणांतले सात जण पहिल्या दिवशी वरचं ओतणार, आई. मला ऐकणार नाहीत ते. तुमचं ऐकतील."

उद्या नऊ वाजता पुलावर. आधी चुकीचं मी करून दाखवणार, मग बरोबर हे दाखवणार. ह्यांना बजावलंय, फार लांबण लावायचं नाही. हे म्हणतात, तुझं चुकीचं आटपलं की माझं पाच मिनिटांत होईल. बघू. खुर्ची आत्ताच जिन्याखाली नेऊन ठेवली आहे. ह्या वेळी दोन नेल्या.